तान्ह्या बाळाच्या श्वासनळीतला हिमँजिओमा, औषध की ऑपरेशन: कोकणातले आईबाबा नेहमी विचारतात ते प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यात लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. श्वासनळीतल्या हिमँजिओमाचं बाळ आमच्याकडे रोज येत नाही, पण येतं तेव्हा त्याची आई आधीच दोन-तीन ठिकाणी 'सर्दी आहे, कफ आहे' असं ऐकून आलेली असते. मग निदान झालं की घरचे सगळे एकदम प्रश्न विचारायला लागतात, कारण मोठ्या डॉक्टरांनी घाईत सांगितलेलं निम्मं डोक्यावरून गेलेलं असतं आणि परत विचारायला संकोच वाटतो. तेच प्रश्न इथे लिहून ठेवतेय. डोस, तपासणी, ऑपरेशन हे तुमच्या बाळाचे डॉक्टरच ठरवणार, इथलं वाचून कुणीही घरच्या घरी औषध सुरू करू नका, ही कळकळीची विनंती.

बाळाच्या गळ्यात नेमकं झालंय काय?

रक्तवाहिन्यांची गाठ, हिमँजिओमा म्हणतात तो हाच. कॅन्सर नाही, पहिलं हेच मनात पक्कं करा. असे लाल डाग किंवा गाठी बऱ्याच बाळांच्या अंगावर येतात, साधारण शंभरात चार-पाच बाळांना, आणि बहुतेकांना काहीही करावं लागत नाही. यांची चाल ठरलेली असते, जन्माच्या वेळी दिसत नाहीत किंवा फिकट खूण असते, पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढतात, पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक वाढ होऊन जाते आणि मग वर्षाच्या आसपासपासून हळूहळू ओसरायला लागतात, ते चार-पाच वर्षांपर्यंत चालतं. पाठीवर किंवा दंडावर असेल तर वाट बघता येते. पण तीच गाठ स्वरयंत्राच्या लगेच खाली आली तर वाट बघायला जागाच नसते, कारण तिथे कूर्चेचं, म्हणजे कानाच्या पाळीत असतं तशा लवचिक हाडाचं, पूर्ण गोल कडं आहे, ते बाहेरच्या बाजूला फुगू शकत नाही, म्हणजे गाठ वाढली की आतच वाढणार. तान्ह्या बाळाची तिथली नळी जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद. चार मिलिमीटरच्या नळीत चारी बाजूंनी एकच मिलिमीटर सूज आली तरी हवेची वाट पाऊण भागाने कमी होते आणि श्वास ओढायला कितीतरी पट जास्त जोर लावावा लागतो. म्हणून डॉक्टर घाई करतात, घाबरवायला नाही.

'सासू म्हणता ल्हान पोरांचो गळो वाजताच, वेखंड उगाळून दिलां की बरां होता. खरां काय ह्यां?'

बऱ्याच बाळांचा गळा खरंच वाजतो आणि त्यातल्या बहुतेकांना काही गंभीर नसतं, त्यामुळे सासूबाईंचं चूक आहे असं मी म्हणणार नाही, त्यांनी चार पोरं वाढवलीत. पण आवाजा-आवाजात फरक असतो. नाक चोंदलं असेल तर नाक साफ केल्यावर आवाज जातो. लॅरिंगोमलेशिया म्हणून एक प्रकार असतो, त्यात स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असतो, आवाज जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच सुरू होतो, श्वास आत घेताना येतो, उताणं झोपवलं की वाढतो आणि बहुतेक मुलांचा दीड वर्षापर्यंत आपोआप जातो. हिमँजिओमाचं गणित वेगळं. पहिला महिना बाळ अगदी छान असतं, मग दीड-दोन-तीन महिन्यांच्या सुमारास आवाज सुरू होतो आणि दर आठवड्याला वाढत जातो, श्वास आत घेताना पण आणि बाहेर सोडताना पण. रडलं, दूध ओढायला लागलं की जास्त. तर आजी-आईला विचारायचा प्रश्न एवढाच, आवाज कधी सुरू झाला आणि वाढतोय का? वाढत असेल तर वेखंड नको, डॉक्टर हवेत. मोबाईलवर आवाजाचा व्हिडिओ काढून ठेवा, शर्ट वर करून छाती दिसेल असा, एक शांत झोपेतला आणि एक रडतानाचा. ओपीडीत नेमकं बाळ शांत असतं आणि डॉक्टरांना काहीच ऐकू येत नाही असं फार होतं.

आम्हाला 'क्रूप' आहे म्हणाले, इंजेक्शन दिलं, दोन दिवसांत बरं वाटलं, मग परत तेच. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. क्रूपमध्ये व्हायरसने घसा सुजतो, कुत्रा भुंकल्यासारखा खोकला येतो, आवाज बसतो, आणि स्टिरॉइडने सूज उतरते. हिमँजिओमाचा खोकला पण तसाच ऐकू येतो आणि स्टिरॉइडने हिमँजिओमापण थोडा आक्रसतो, म्हणून बरं वाटतं आणि निदान पुढे ढकललं जातं. औषधाचा जोर उतरला की गाठ परत फुगते. क्रूप साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा आजार आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रूप म्हटलं, त्यात ताप-सर्दी फारशी नाही आणि ते परत परत होतंय, तर सरळ विचारा, 'डॉक्टर, हा हिमँजिओमा असू शकतो का, दुर्बिणीने बघायचं का?' विचारण्यात उद्धटपणा नाही. तालुक्याच्या डॉक्टरांना असं बाळ वर्षानुवर्षं दिसत नाही, त्यामुळे ते चटकन डोक्यात येत नाही एवढंच, आणि मी पाहिलेल्या बहुतेक डॉक्टरांनी असा प्रश्न आला की लगेच चिठ्ठी लिहून दिलीये.

हनुवटीवर आणि ओठाखाली लाल डाग आहे, त्याचा गळ्याशी संबंध आहे का?

असू शकतो, आणि ही खूण आशा ताईंपासून सगळ्यांना माहीत पाहिजे. दाढी जिथे येते तो भाग, म्हणजे हनुवटी, खालचा ओठ, जबड्याची कड, कानापुढची जागा, गळ्याची पुढची बाजू, इथे हिमँजिओमा पसरलेला असेल तर श्वासनळीतही असण्याची शक्यता बरीच वाढते. अशा बाळाचा आवाज अजून सुरू झाला नसला तरी दाखवून ठेवा. उलट बाजू पण लक्षात ठेवा, श्वासनळीत हिमँजिओमा असलेल्या साधारण निम्म्या बाळांच्या अंगावर एकही डाग नसतो. म्हणून 'अंगावर काही नाही म्हणजे गळ्यात पण नाही' असं धरून चालू नका. आणि अंगावर पाच किंवा जास्त असे डाग असतील तर लिव्हरची सोनोग्राफी करतात.

ग्रहणात भाजी चिरली होती, म्हणून झालं का?

नाही. आईने काही खाल्लं, चिरलं, पाहिलं म्हणून हे होत नाही. मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा जास्त दिसतं, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांत जास्त दिसतं, यात आईचा दोष कुठेच नाही. वॉर्डात बाळंतिणीला कुणी यावरून बोललं तर मी नातेवाईकांना बाहेर बसवते.

निदान कसं करतात? एवढ्या लहान बाळाला भूल देणं सेफ आहे का?

आधी ओपीडीत नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालून स्वरयंत्रापर्यंत बघतात, त्याला भूल लागत नाही, बाळ रडतं पण मिनिटभरात होतं. पण हिमँजिओमा असतो स्वरयंत्राच्या खाली, तिथलं नीट बघायचं तर ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन सरळ दुर्बिणीने बघावं लागतं. तिथे डॉक्टरांना एका बाजूला, बऱ्याचदा डाव्या बाजूला मागे, मऊ लालसर फुगवटा दिसतो. तुकडा काढून तपासायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. गाठ छातीकडे किंवा मानेत किती पसरलीये ते बघायला कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा एमआरआय करतात. चेहऱ्यावर मोठा पसरट डाग असेल तर फेस सिंड्रोम नावाचा प्रकार तपासतात, त्यात मेंदूच्या, हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दोष असू शकतात, म्हणून टूडी इको आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय. हे औषधाच्या आधी का, तर या गाठीसाठी जे प्रोप्रानोलॉल देतात त्याने बीपी थोडं उतरतं आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील तर ते महागात पडू शकतं.

भुलीबद्दल, अरुंद श्वासनळीच्या बाळाला भूल देणं जोखमीचं आहेच, म्हणूनच ते लहान मुलांचे भूलतज्ज्ञ, लहान मुलांचे ईएनटी आणि बाळांचा आयसीयू जिथे एकत्र आहेत तिथेच करायचं. जवळ आहे म्हणून कुठेही करू नये.

प्रोप्रानोलॉल तर बीपीचं औषध, ते बाळाला कशाला? मेडिकलवाला पण विचारत होता.

मेडिकलवाल्याने विचारलं हे चांगलंच केलं. प्रोप्रानोलॉल मोठ्यांना बीपी, धडधड, मायग्रेन यासाठी देतात. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टर क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या टीमने एक वेगळीच गोष्ट छापली, एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी हे औषध दिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा हिमँजिओमा मऊ पडून ओसरायला लागला. मग इतर बाळांना दिलं, तसंच झालं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बाळांच्या हिमँजिओमासाठी याचं पातळ औषध मंजूर केलं, आणि २०१५ मध्ये ४६० बाळांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात पूर्ण डोस सहा महिने घेतलेल्या गटात ६० टक्के बाळांचा डाग पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेला, नुसतं साधं सिरप दिलेल्या गटात ४ टक्के. तो अभ्यास जिवाला धोका नसलेल्या डागांवरचा होता, पण श्वासनळीच्या हिमँजिओमातही आज पहिलं औषध हेच आहे. रक्तवाहिन्या आक्रसतात, नवीन वाढ थांबते. श्वासनळीच्या बाळांमध्ये बऱ्याचदा दोन-तीन दिवसांतच आवाज कमी झालेला कळतो. पहिल्या डोसला छाती आत ओढत दूध पिणारं बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईच्या कुशीत शांत पिताना बघणं, यासारखं समाधान आमच्या कामात दुसरं नाही.

मग ॲडमिट कशाला करतात, गोळी घरी देऊ की.

कारण पहिल्या डोसला आणि डोस वाढवताना दर वेळी एक तासाने आणि दोन तासांनी हृदयाचे ठोके आणि बीपी बघायचं असतं, शुगर बघायची असते, आणि ज्या बाळाचा श्वास अडतोय त्याला घरी ठेवून हे होत नाही. कमी डोसने सुरू करून काही दिवसांत दिवसाला दर किलो वजनामागे २ ते ३ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. कोकणातल्या आईबाबांना माझं आणखी एक सांगणं आहे, डिस्चार्ज मिळाला की त्याच दिवशी सहा-सात तासांचा घाट उतरून गावी येऊ नका, शक्य असेल तर आठ-दहा दिवस हॉस्पिटलजवळ नातेवाईकांकडे राहा. मुंबईत कुणाचं ना कुणाचं तरी घर असतंच आपल्यातल्या बहुतेकांचं.

गोळी पाण्यात विरघळवून द्यायला सांगितलीये. चुकणार तर नाही ना?

चुकू शकते, म्हणून हे सावकाश वाचा. आपल्याकडे पातळ औषध सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे बरेच डॉक्टर १० मिलिग्रॅमची गोळी ठराविक मिली पाण्यात विरघळवून त्यातलं मोजून द्यायला सांगतात. समजा बाळ ५ किलोचं आहे आणि दर किलोला २ मिलिग्रॅम ठरलंय, तर दिवसाला १० मिलिग्रॅम होतं, दोन वेळांत ५-५. आता हीच गोळी ४० मिलिग्रॅमचीपण मिळते. नवीन पाकीट आणलं, ते ४० चं निघालं आणि तुम्ही तसंच पाण्यात घातलं तर चौपट डोस जाईल. म्हणून पाकिटावरचा आकडा दर वेळी वाचायचा, घरात दोघांनी वाचायचा. जास्त वेळ काम करणारी, म्हणजे नावापुढे एलए किंवा एसआर असलेली गोळी किंवा कॅप्सूल कधीच चालणार नाही. चमचा वापरू नका, वाटीच्या अंदाजाने नको, सुई नसलेली सिरिंज घ्या. वॉर्डात मी आईला सिरिंजवर मार्करने रेघ मारून देते, ढवळून गाळ बसायच्या आत काढायला लावते, हवेचा बुडबुडा उरला तर वर टिचकी मारून घालवायचा, आणि गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं, घशात एकदम नाही. तीन वेळा माझ्यासमोर करून दाखवल्याशिवाय मी सोडत नाही. उरलेलं पाणी उद्यासाठी ठेवायचं का, हे डॉक्टरांनी किंवा फार्मासिस्टने जसं सांगितलंय तसंच करा.

बाळाचं वजन वाढलं की डोस परत काढावा लागतो. महिन्याला वजन करून फोनवर कळवा, पण हिशोब घरी करू नका.

औषध दुधाआधी द्यायचं की नंतर? रात्री झोपेतून उठवायचं का?

दुधाबरोबर किंवा दूध पाजून झाल्यावर लगेच. रिकाम्या पोटी कधीच नाही. दिवसातून दोनदा असेल तर मध्ये किमान ९ तास हवेत. आणि औषध चालू असताना लहान बाळाला रात्रभर उपाशी झोपू द्यायचं नाही, किती तासांनी पाजायचं ते वयाप्रमाणे डॉक्टर सांगतील आणि ते घड्याळ लावून पाळायचं. कारण हे औषध रक्तातली साखर उतरवू शकतं आणि वर साखर उतरल्याच्या खुणा झाकतं. एरवी साखर उतरली की छाती धडधडते, हात थरथरतात, या औषधात ते नीट दिसतच नाही. मग बघायचं काय, तर घाम, अंग गार आणि पांढरं पडणं, नेहमीपेक्षा जास्त सुस्ती, दूध न ओढणं, उठवून न उठणं, झटका. बाळ जागं असेल आणि गिळत असेल तर लगेच दूध किंवा ग्लुकोजचं पाणी पाजा आणि तसंच हॉस्पिटल गाठा. शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतू नका, १०८ ला फोन करा आणि 'बाळ प्रोप्रानोलॉलवर आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

उलटी, जुलाब, ताप असेल तर?

दूध नीट जात नसेल तर डोस द्यायचा नाही. एक डोस चुकला तर आभाळ कोसळत नाही, पण उपाशी पोटी दिलेला एक डोस घात करू शकतो. डोस दिल्यावर बाळाने उलटी केली तर परत द्यायचा नाही, पुढच्या वेळेचाच द्यायचा. पण ज्या बाळाचा श्वास या औषधावरच अवलंबून आहे त्याचे डोस लागोपाठ चुकत असतील तर घरी बसू नका, ॲडमिट करून सलाइनमधून साखर चालू ठेवून औषध देता येतं.

सर्दी झाली तर नेब्युलायझर लावू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दम्याला देतात ते साल्ब्युटामॉल आणि प्रोप्रानोलॉल एकमेकांच्या विरुद्ध काम करतात, त्यामुळे त्याचा फायदा कमी होतो. छातीत शिट्टीसारखा आवाज, घरघर, दम सुरू झाला तर प्रोप्रानोलॉल थोडे दिवस बंद ठेवावं लागू शकतं, तो निर्णय डॉक्टरांचा. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी औषधाचं पाकीट दाखवा.

हातपाय गार पडतात, झोप मोडते. औषध बंद करू?

हे दोन्ही त्रास यात होतात आणि बहुतेक वेळा त्यासाठी औषध बंद करावं लागत नाही. अंग उबदार, दूध नीट, हसतंखेळतं असेल तर मोजे घाला आणि पुढच्या भेटीत सांगा. मनाने बंद मात्र करू नका, गाठ परत उसळते.

स्टिरॉइड का देत नाहीत? शेजारच्या गावातल्या मुलाला तेच दिलेलं.

२००८ च्या आधी तेच मुख्य औषध होतं. महिनोन्‌महिने दिल्यावर चेहरा सुजतो, बीपी वाढतं, वाढ खुंटते, इन्फेक्शन पटकन होतात. आता ते थोड्या दिवसांसाठी वापरतात, बाळ खूप अडलेलं आलं आणि प्रोप्रानोलॉलचा असर होईपर्यंत वेळ काढायचा असेल तेव्हा, किंवा जिथे प्रोप्रानोलॉल एकट्याने पुरत नाही तिथे. दोन्ही एकदम चालू असेल तर साखरेवर आणखी लक्ष, विशेषतः स्टिरॉइड बंद केल्यानंतर. आणि जास्त डोसचं स्टिरॉइड दोन आठवडे किंवा अधिक चाललं असेल तर तोंडाचा पोलिओ, रोटा, गोवर-रुबेला अशा जिवंत लसींची तारीख डॉक्टरांना विचारून ठरवा. नुसत्या प्रोप्रानोलॉलसाठी लसी थांबवायच्या नसतात.

औषध किती दिवस चालतं?

बऱ्याच बाळांना वर्षाचं होईपर्यंत, श्वासनळीच्या हिमँजिओमात कधी दीड वर्षापर्यंत. मग हळूहळू कमी करत बंद करतात. बंद केल्यावर काही मुलांत गाठ परत फुगते, त्यांना पुन्हा काही महिने द्यावं लागतं आणि ते बहुधा पुन्हा लागू पडतं. म्हणून औषध बंद करायचे आठवडे पावसाळ्यात, रस्ते बंद पडायच्या दिवसांत येऊ नयेत असं डॉक्टरांना आधीच सांगा. त्यांना आपल्या घाटांची कल्पना असतेच असं नाही.

मग ऑपरेशन कुणाला लागतं?

ज्यांना औषध लागू पडत नाही, किंवा आधी लागू पडून नंतर दबत नाही, किंवा ज्यांना औषध देताच येत नाही, उदाहरणार्थ हृदयाचा काही विशिष्ट दोष. डोस वाढवून, स्टिरॉइड जोडून बघितल्यावरच बहुधा इथे येतात, बाळ अगदीच अडलं असेल तर आधी.

प्रकार समजून घ्या. दुर्बिणीतून गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, कधी त्यानंतर काही दिवस श्वासाची नळी ठेवून बाळ आयसीयूत ठेवतात, आणि हे परत परत करावं लागू शकतं. लेझरने किंवा बारीक फिरत्या पात्याच्या यंत्राने गाठ कमी करतात, एका बाजूची छोटी गाठ असेल तर उपयोग होतो, पण लेझर जास्त चालवला, त्यात गाठ गोल कड्यासारखी असली, तर भाजलेल्या जागी वण धरून नळी कायमची अरुंद होऊ शकते. म्हणजे जो आजार काही वर्षांत ओसरणार होता त्याच्या जागी न ओसरणारा आजार. म्हणून चांगले सर्जन लेझर हातचा राखून वापरतात, 'एकदाच सगळं जाळून टाका' असा आग्रह आपण धरू नये. तिसरं, गळ्यावर बाहेरून छेद देऊन नळी पुढून उघडून गाठ काढायची आणि नळी रुंद करायला कूर्चेचा छोटा तुकडा बसवायचा. मोठं ऑपरेशन आहे, नंतर काही दिवस आयसीयूत नळीवर, पण योग्य बाळ आणि अनुभवी सर्जन असेल तर एका ऑपरेशनमध्ये सुटका होते आणि गळ्यात भोक घेऊन जगावं लागत नाही.

आणि ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गाठीच्या खाली गळ्यात भोक पाडून नळी बसवणं. गाठीला यात हात लावत नाहीत, ती ओसरेपर्यंत श्वासाची वाट करून देतात. पूर्वी खूप बाळांना हेच करावं लागायचं, आता कमी लागतं.

ऑपरेशनच्या आधी बाळ औषधावर असेल तर भूलतज्ज्ञांना सांगाच, उपाशी ठेवायच्या तासांत साखर उतरू नये म्हणून सलाइन लागतं.

आम्ही देवगडच्या पुढे राहतो. अंतर एवढं, तर आमचा निर्णय वेगळा हवा का?

हो, आणि हे स्पष्टपणे डॉक्टरांसमोर ठेवा, कारण माझ्या मते अंतर हा पण उपचाराचाच भाग आहे. मुंबईत परळला राहणाऱ्या बाळाला रात्री दम लागला तर पंधरा मिनिटांत वाडिया हॉस्पिटल आहे. तुमच्या वाडीपासून मोठा आयसीयू कुठे, रात्री गाडी कोणाची, पावसात कुठला रस्ता तुटतो, हे तुम्हालाच माहीत. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लोकांना गोव्याचं बांबोळीचं मेडिकल कॉलेज जवळ पडतं, चिपळूणकडच्यांना डेरवणचं हॉस्पिटल, रत्नागिरी-लांज्याकडचे आंबा घाटाने कोल्हापूर गाठतात, रायगडवाले मुंबई. आपलं आणीबाणीचं हॉस्पिटल कुठलं हे आधी ठरवा, तिथे एकदा दिवसा जाऊन फाइल दाखवून या. लांब राहणाऱ्या बाळाच्या बाबतीत औषध सुरू केल्यावर जास्त दिवस ॲडमिट ठेवणं, वाढीचे पहिले काही महिने शहरात नातेवाईकांकडे राहणं, औषध पुरतं लागू पडत नसेल तर ऑपरेशनचा विचार थोडा लवकर करणं, हे सगळं रास्त आहे. 'गावी परत गेल्यावर बाळ अडलं तर आमच्याकडे किती वेळ असेल?' असं विचारा. उत्तर ऐकून ठरवणं सोपं जातं.

ट्रॅकिओस्टॉमीची नळी घेऊन गावात राहता येईल?

राहता येतं, पण तयारी लागते. निदान घरातल्या दोघांना सक्शन, म्हणजे नळीतला कफ यंत्राने ओढून काढणं, करता आलं पाहिजे आणि नळी बदलता आली पाहिजे, एकटी आई पुरत नाही. नळी असली की बाळाच्या रडण्याचा आवाज येत नाही, त्यामुळे आई चुलीपाशी आणि बाळ माजघरात असं चालत नाही, कुणीतरी डोळ्यासमोर हवं. लाइट जाते म्हणून बॅटरीवर चालणारं किंवा हाताने, पायाने चालवायचं सक्शन घरात ठेवा. त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी जादा नळी, फीत, कात्री एका पिशवीत, आणि ती पिशवी बाळाबरोबर सगळीकडे. आंघोळीला पाणी नळीत जाता कामा नये. समुद्रावर वाळू उडते, तिथे नेऊ नका. नळीत कफ अडकून बाळ निळं पडायला दोन मिनिटं पण लागत नाहीत, म्हणून ट्रेनिंग पूर्ण झाल्याशिवाय डिस्चार्ज मागू नका, कितीही दिवस झाले असले तरी.

धुरी, बाळगुटी, मध?

धुरी पूर्ण बंद. शेगडीवर ओवा, लसणीच्या साली टाकून बाळाला धूर देतात तो अरुंद नळीला सुजवतो, चुलीचा धूर आणि अगरबत्ती पण दूर ठेवा. घरात कुणी विडी-सिगरेट ओढत असेल तर बाहेर. मध वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला नको. आणि घशात बोट घालून कफ काढायची पद्धत कृपा करून करू नका, तिथे गाठ आहे, बाळ घाबरून रडलं की नळी आणखी आवळते.

कुठल्या क्षणी धावत सुटायचं?

शांत असताना पण आवाज येतोय, गळ्याच्या खाली हाडाच्या वरचा खळगा आणि बरगड्यांच्या मधली जागा दर श्वासाला आत ओढली जातेय, दूध सोडलंय, ओठ निळसर दिसतायत, श्वास मधेच थांबतो. आणि एक फसवी खूण, आवाज एकदम कमी झाला पण छातीचं ओढणं तसंच आहे आणि बाळ थकलंय, तर ते बरं झालेलं नाही, हवाच कमी जातेय. बाळाला ज्या स्थितीत बरं वाटतं तसंच मांडीवर धरा, जबरदस्तीने आडवं करू नका, रडवू नका, घसा बघायला चमचा घालू नका. १०८ ला सांगा, ऑक्सिजन हवा. जवळच्या दवाखान्यात ॲड्रेनलिनची वाफ आणि स्टिरॉइड मिळालं तर पुढचा रस्ता सुरक्षित होतो, म्हणून जवळचं टाळून थेट दीडशे किलोमीटर पळू नका.

खर्चाचं काय?

प्रोप्रानोलॉलच्या गोळ्या स्वस्त आहेत, पैसे जातात ते तपासण्या, आयसीयू आणि प्रवासात. रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला ॲडमिट होताच भेटा, तुमच्या बाळाचा कोणता उपचार त्यात बसतो ते तोच सांगेल. अंगणवाडीत तपासायला येणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम पण पुढच्या हॉस्पिटलची चिठ्ठी करून देऊ शकते, पीएचसीत विचारा. सरकारी हॉस्पिटलात आणि मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात समाजसेवा विभाग असतो, तिथे लाजू नका.

पुढे बोलेल ना? आवाज नीट येईल?

औषधावर बरी झालेली बहुतेक मुलं इतरांसारखीच बोलतात, धावतात, शाळेत जातात. ट्रॅकिओस्टॉमी बरेच महिने राहिली तर बोलणं उशिरा सुरू होऊ शकतं, स्पीच थेरपी लवकर सुरू करावी. लेझर किंवा उघडं ऑपरेशन झालं असेल तर आवाज थोडा घोगरा राहू शकतो, आणि वण धरत नाही ना हे बघायला पुढची काही वर्षं दुर्बिणीच्या भेटी चुकवू नका.

गणपतीला गावी न्यायचं आहे, नेऊ का?

औषध बसलंय, डोस ठरलाय, आवाज नाही, वजन वाढतंय आणि डॉक्टर हो म्हणाले तर न्या. सर्दी-खोकला असलेल्याने बाळाला घेऊ नये हे घरात आधीच सांगून ठेवा, चाकरमानी सगळीकडून येतात आणि प्रत्येकाला बाळ हवं असतं. गोळ्या सुट्टीपेक्षा दोन आठवडे जास्त पुरतील एवढ्या आणि त्याच ताकदीच्या घ्या, तालुक्याला मिळतीलच असं नाही. दोन सिरिंज, डिस्चार्ज कार्ड, डोस लिहिलेला कागद, ग्लुकोजची पुडी हातातल्या पिशवीत, ट्रेनच्या सीटखालच्या बॅगेत नाही. गाडी घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये अडकली आणि बाळ दूध घेत नसेल तर तो डोस सोडून द्या, पोचल्यावर पाजा आणि मग पुढच्या वेळेचा द्या.